लाल खूण

कायद्याच्या पहिल्या वर्षाला मी जुने निवाडे शोधायला शिकवते, आधी ग्रंथालयातल्या जाड खंडात आणि मग संगणकावर. उदाहरण दरवर्षी तेच. यंदा वर्गातल्या ऋतुजाने तो खंड टेबलावर ठेवून हात काढला, आणि तो आपोआप त्याच पानावर उघडला. पोरं दचकून हसली.

"अपील फेटाळलं, फाशी कायम," तिने वाचलं. संगणकावर मात्र त्याच निवाड्यापुढे लाल खूण होती.

"पुढच्या एका खटल्यात वरच्या कोर्टाने हा निवाडा चुकीचा ठरवला," मी म्हटलं. "पुस्तकात ते कळत नाही. म्हणून दोन्हीकडे बघायचं."

"मॅडम, तोवर याला फाशी दिली असेल ना?"

मी पुढचं उदाहरण काढायला सांगितलं.

पुस्तकात तो माणूस अजून त्याच दिवशी उभा आहे. लाल खूण तिथवर पोचत नाही. आणि पान आपोआप उघडतं यात नवल कसलं? बांधणी माझ्याच हातांनी सैल झालीय. दरवर्षी मीच त्याला बोलावते, शिक्षा मोठ्याने वाचून घेते आणि पुढच्या उदाहरणाकडे वळते.

तास संपल्यावर मी खंड मिटला आणि वर हात दाबून धरला. तळहाताखाली पुठ्ठा हळूहळू वर येत होता.