खिडकीकडची बाही

माझ्या मावशीचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे. पुढच्या खोलीत ती असते, मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपाशी काका. ती ओरडून बोलते, काका हळू उत्तर देतात, आणि त्यातलं निम्मं उत्तर वाफेच्या फुसफुशीत विरून जातं. त्यांच्या संसारात फारशी भांडणं झाली नाहीत, याचं श्रेय आई त्या इस्त्रीला देते.

उन्हाळा लागला की आसपासची माणसं आपले लोकरीचे कपडे मावशीकडे आणून टाकतात. घरं लहान आणि कपाटं त्याहून लहान. मावशी ते धुते, वाळवते, डांबराच्या गोळ्या घालून पिशव्यांत बंद करते आणि माळ्यावर चढवते. पुढे झाडांची पानं पिवळी व्हायला लागली की सगळं खाली उतरतं. पण पिशवीतला कोट ती तसाच कुणाच्या हातात देत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने तक्रार केली होती, की तुमच्याकडून नेलेला कोट घालून बसमध्ये चढलो आणि शेजारचा माणूस नाक धरून उठून गेला. ते तिला फार लागलं. तेव्हापासून ती कपडे आधीच पिशव्यांतून काढते, लांब दांडीवर टांगते, वारा लागू देते. मग पहिली गार सकाळ येते. गिऱ्हाईक हात चोळत दारात उभं राहतं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत मावशी त्याचा कोट त्याच्यापुढे धरते. वास नाही, सुरकुती नाही. त्या सकाळी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

या वर्षी पानं वेळेवर पिवळी झाली, मावशीने कपडे वेळेवर उतरवले, आणि थंडी आलीच नाही.

सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होती. चहावाल्याने आत घेतलेली टेबलं पुन्हा फुटपाथवर मांडली. संध्याकाळी बाकांवर जागा मिळत नसे. ऊन मऊ होतं आणि त्यात पानं गळत होती, वाऱ्याशिवाय, एकेक, जणू त्यांना कुणी निरोप द्यायचंच विसरलं होतं. लोक एकमेकांना म्हणायचे, "काय छान हवा आहे, नाही?" आणि लगेच थोडं ओशाळून, "पण हे काही बरं नाही हं." असं म्हणून आइस्क्रीमचा पुढचा चमचा तोंडात घालायचे.

समोरची पार्लरवाली दिवसातून दोनदा तरी दारात येऊन उभी राहायची. "काकू, तुमचे ते कोट बघूनच मला घाम फुटतो. झाका की!"

"तुला घाम फुटतो तो दिवसभर आरशात बघून," मावशी म्हणायची.

पण आतून ती बेचैन होती. रात्री पांघरूण पायाशी लोटलेलं, खिडकी उघडी, आणि झोप नाही. पाहुण्यांसाठी पानं वाढून ठेवावीत आणि कुणी येऊच नये, तशी ती सकाळ-संध्याकाळ त्या भरल्या दांडीकडे बघत राही. काकांनी एकदा वाफ बंद करून, नीट ऐकू जाईल असं सांगितलं होतं. "अगं, सगळं परत पिशव्यांत घाल. पडली थंडी की काढू."

"आज काढा, उद्या घाला. भातुकली मांडलीय का मी? येईल हो थंडी. जाते कुठे?"

"तुला वेळ सांगून ठेवलीय का तिने?"

"इतकी वर्षं येतेय ती. मला नका शिकवू."

काकांनी पुन्हा वाफ सोडली. मावशीचा एक स्वभाव आहे. आपलं चुकलं असं तिला वाटायला लागलं, की ती तेच काम आणखी जोराने करते. तिने दांडी पुसली आणि कोट आणखी सुटे करून टांगले.

एका दुपारी तिच्या कानाजवळून काहीतरी फडफडत गेलं. तिने टाळी वाजवली. तळहातावर सोनेरी भुकटीची बारीकशी रेघ उमटली. लोकर खाणाऱ्या कसरीचा पतंग होता तो, मावशीने लगेच ओळखलं. मग तिने दुकानाचं दार लावून घेतलं आणि दांडीवरचा एकेक कपडा खाली काढला. कॉलर उलटून, खिशांत बोटं घालून, शिवणी उजेडात धरून. वाफेची ऊब मागून, उन्हाची ऊब पुढून. कसरीला याहून चांगलं घर कुणी बांधून दिलं नसतं. कोट वाचले होते. मफलर, टोप्या, पोरांचे स्वेटर, सगळं वाचलं होतं. कसर लागली होती एकाच कपड्याला, आणि तो ड्रायव्हरसाहेबांचा हिरवा स्वेटर होता. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढी जाळी झाली होती.

दुसरा कुठलाही असता तर मावशी रडली नसती, असं काका म्हणतात.

ड्रायव्हरसाहेब निवृत्त होईपर्यंत पहाटेची पहिली बस चालवायचे. त्यांच्या बसची खिडकी कधी पूर्ण बंद व्हायची नाही, आणि सगळा गारठा एकाच हाताला लागायचा. म्हणून त्यांच्या बायकोने स्वेटर विणताना खिडकीकडची बाही दुहेरी लोकरीची केली. एक हात साधा आणि दुसरा जाडजूड. डेपोतले सगळे त्यांना 'खेकडा' म्हणायचे. ते हसायचे आणि तोच स्वेटर घालायचे. बायको गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा तो मावशीकडे ठेवायला घेऊन आले. म्हणाले, "ताई, घरी माझ्या हातून काहीतरी होईल याचं. तुमच्याकडे बरा." नंतर दर वर्षी तेच. दुसरं काही ते फारसं बोलत नसत.

मावशी लोकरीचा एक धागा मुठीत घेऊन गावभर फिरली. हिरव्याचे इतके प्रकार असतात हे तिला माहीत नव्हतं, पण तो हिरवा कुठेच नव्हता. इतक्या वर्षांच्या धुण्याने उतरलेला रंग कुठलं दुकान विकणार? शेवटी तिने जवळपासच्या रंगाचा लोकरीचा एक गुंडा आणला आणि स्वेटरवर ठेवून पाहिला. सुक्या पानावर ओलं पान ठेवल्यासारखा दिसला. तिने तो ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

काकांनीच मग सुचवलं. "त्या जाड बाहीत आहे की लोकर. दोनातला एक धागा काढून घ्यायचा, बाही एकेरी विणायची. पाठ भरेल, रंगही तोच."

"आणि ती बाही?"

"अगं, ते आता गाडी कुठे चालवतात? दोन्ही बाह्या सारख्या होतील. चांगलंच दिसेल उलट."

मावशी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कात्री घेतली. बाही खांद्यापासून खाली विणलेली होती, त्यामुळे मनगटाची गाठ सोडल्यावर लोकर सरसर सुटत आली, कुरळी, जुन्या घड्यांची सवय लागलेली. चार बोटं उसवून झाली आणि तिचा हात थांबला. पुढे ओढवेना, मागे नेता येईना. स्वेटर तसाच सुया खोवून टेबलाखालच्या टोपलीत राहिला.

त्या दिवसांपासून मावशी उलटी वागायला लागली. सकाळी उठून ती आधी आभाळ बघायची, आणि ऊन दिसलं की सुटकेचा श्वास टाकायची. जी थंडी येत नाही म्हणून ती चिडचिड करत होती, ती आता येऊ नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. थंडी पडेपर्यंत ते येणार नाहीत. आणि तोवर काहीतरी सुचेल. पार्लरवाली म्हणाली, "अजून आठवडाभर असंच राहणार म्हणे." मावशीच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या तोंडात साखर पडो." पार्लरवाली बघतच राहिली.

ते आले ते भर दुपारी. रस्ता तापला होता, सावलीतली मांजरंसुद्धा पाय पसरून पडली होती. ड्रायव्हरसाहेबांच्या शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं होतं आणि ती कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

"ताई, स्वेटर न्यायला आलो."

"आत्ता?" मावशी हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "अहो, थंडी कुठे पडलीय अजून?"

"पडलीय की. मला." तेही हसले. "बरेच दिवस झाले. आधी वाटलं, सगळ्यांनाच वाजत असेल. मग रस्त्यावर बघितलं, तर पोरं उघडी नाचतायत."

"डॉक्टरकडे गेला होता का?"

"जाऊन आलो. ते म्हणाले, बघू या."

बघू या, एवढंच. मावशीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. भर दुपारी ते तळहात एकमेकांवर चोळत होते. धुवायला घातलाय, परवा या, असं म्हणणं सोपं होतं. ते वाक्य जिभेवर तयारच होतं, असं तिने नंतर आईला सांगितलं. पण तिने खाली वाकून टोपली ओढली आणि स्वेटर सुयांसकट टेबलावर ठेवला.

"कसर लागली," ती म्हणाली. "माझ्यामुळे. थंडी येणार म्हणून पिशवीतून लवकर काढला, आणि उघडा ठेवला. हे म्हणत होते, परत पिशवीत घाल. मी ऐकलं नाही."

त्यांनी स्वेटर उलटा केला. जाळीतून एक बोट आरपार घातलं, काढलं. मग बाही उचलली आणि मनगटापाशी लोंबणारी कुरळी लोकर पाहिली.

"हेही कसरीनेच खाल्लं?"

"नाही. हे मी."

मागच्या खोलीतली वाफ थांबली होती. काका ऐकत असावेत.

"पाठ भरायला त्याच रंगाची लोकर हवी होती," मावशी म्हणाली. "वाटलं, आता तुम्हाला जाड बाही कशाला..."

"घरी ठेवला असता तर..." ड्रायव्हरसाहेबही तिथेच थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मावशी काहीतरी बोलू शकली असती. ते बराच वेळ त्या बाहीवर अंगठा फिरवत राहिले.

"ताई, पाठ मला कधी दिसते का?"

"अं?"

"पाठीला काहीही लावा. लाल लावा, पिवळं लावा. लोक बघतील, मला काय! ही बाही मला दिसते. बसमध्ये रोज पहाटे हीच दिसायची, स्टिअरिंगवर. ही होती तशी करून द्या."

"देते. दोन दिवसांत..."

"मी बसतो," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

मावशीने सुया घेतल्या. दोन्ही धागे एकत्र धरून तिने सुटलेले टाके उचलायला सुरुवात केली. वरचा पंखा गरगरत होता. त्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ड्रायव्हरसाहेब खांदे आत ओढून घेत होते. ते लक्षात आल्याबरोबर तिने उठून बटण बंद केलं. मग ती दांडीपाशी गेली, हाताने चाचपत सगळ्यात जाड कोट निवडला आणि त्यांच्या खांद्यांवर घातला. गिऱ्हाइकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगाला लावायचा नाही, या नियमापायी तिने एकदा सख्ख्या भावाला भिजत घरी पाठवलं होतं.

"कुणाचा आहे हा?" त्यांनी विचारलं.

"आहे एकाचा. त्याला आज नकोय."

दुकान तापत गेलं. मावशीच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येई आणि ती तो खांद्याला पुसून घेई. दाराशी पार्लरवाली आली. "बाई गं, काकू, भट्टी केलीय नुसती! पंखा लावा ना."

"बिघडलाय."

"कधी बिघडला?" काकांनी आतून डोकं बाहेर काढलं. त्यांनी कोटात बसलेल्या माणसाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "हो, बिघडलाय खरा," ते म्हणाले आणि आत गेले.

"असो. हवा मात्र काय सुंदर पडलीय!" पार्लरवाली निघून गेली.

"बायको मनगटापाशी जरा आवळून विणायची," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "वारा आत शिरू नये म्हणून."

"एवढं?" मावशीने टाका आवळून दाखवला.

"अजून थोडं."

तिने अजून थोडं आवळलं. चार बोटं बाही पुरी व्हायला दुपार उलटून गेली. मग तिने ड्रॉवरमधला तो न जुळणारा हिरवा गुंडा काढला आणि पाठ मांडीवर पसरली. समोरून काही आवाज येईना, म्हणून तिने मान वर केली. ड्रायव्हरसाहेबांनी पुऱ्या झालेल्या बाहीत हात घातला होता, बाकी स्वेटर तिच्या मांडीवर असतानाच. बाहीचं टोक धरून, डोळे मिटून ते बसले होते. खांद्यावर तेवढा जाड कोट होता, दुकानात श्वास घेववत नव्हता, तरी त्यांची हनुवटी अजून हलत होती.

मावशीने स्वेटर जराही न ओढता, त्यांचा हात हलणार नाही अशा बेताने, पाठीचा पहिला टाका घातला.