ब्रेकबाईंचं इंजिन

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकबाईंनी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ब्रेकबाईंकडे शिकलेल्यांनी. हे नाव त्यांना कुणी ठेवलं हे कुणाला सांगता येत नसे, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई मांडीवर रजिस्टर घेऊन शेजारच्या सीटवर बसायच्या, खिडकीबाहेर बघत, जणू लक्षच नाही. आणि शिकणाऱ्याला समोरचा सायकलवाला दिसायच्या आत गाडी थांबलेली असायची. तो बिचारा गोंधळून विचारायचा, काय झालं? बाई म्हणायच्या, "काही झालं नाही. म्हणून तर थांबवली."

खरं म्हणजे या बाईंना ब्रेकबाई म्हणणं हाच एक विनोद होता. एकोणिसाव्या वर्षी त्या एका बेकरीत पाव भरायच्या कामाला होत्या. एके दिवशी बेकरीचा ड्रायव्हर पाय मोडून घरी बसला. पाव तर सकाळी सहाच्या आत दुकानांत पोचायलाच हवेत. मालक कपाळाला हात लावून बसला होता, तेव्हा ही मुलगी म्हणाली, मी नेते. थोडंफार चालवायला वडिलांनी शिकवलं होतं, तेवढ्यावरच. ती व्हॅन म्हणजे नावालाच व्हॅन. इंजिन एवढंसं, मागे छतापर्यंत ट्रे, आणि वाटेत टेकडीचा चढ. पायथ्याशी एकदा का वेग गेला की वरपर्यंत मुंगीच्या पावलांनी रांगावं लागे, आणि कचकन ब्रेक मारला की मागे पावांचा चुरा. मग त्या मुलीने वळण लांबूनच वाचायला शिकून घेतलं. कुठे पाय सैल सोडायचा, कुठे गिअर खाली घ्यायचा, कमावलेला वेग वळणातून अलगद बाहेर कसा काढायचा, हे सगळं चार वर्षांत अंगात मुरलं. दुकानदार म्हणायचे, या पोरीच्या ट्रेमधला पाव जागचा हलत नाही.

पुढे लग्न झालं. नवरा चष्म्याच्या काचा घासणारा, शांत माणूस, घराच्या तळमजल्यावरच त्याचं काम. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागल्यावर बाईंनी एक जुनी गाडी घेतली, शेजारच्या सीटपाशी ब्रेक बसवून घेतला आणि दारावर पाटी लावली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. रजिस्टरात तीन हजारांवर नावं होती.

आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एका सकाळी चहा ओतता ओतता बाई नवऱ्याला म्हणाल्या, "मला दोन सीटची गाडी घ्यायची आहे."

नवऱ्याने चष्मा पुसत विचारलं, "दोन म्हणजे मला धरून?"

"धरून."

"मग घे," तो म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

मुलगी केव्हाच मार्गाला लागली होती, घर स्वतःचं होतं, बाईंनी या गाडीसाठी कित्येक वर्षं पैसे बाजूला ठेवले होते. तेव्हा तिथे काही अडत नव्हतं. अडलं ते इंजिनापाशी.

हवी होती ती गाडी एकच, बसक्या बांध्याची, उघडणाऱ्या छताची. पण तिच्या बॉनेटखाली दोनांपैकी एक इंजिन मिळत होतं. एक चार सिलिंडरचं, लहान. दुसरं सहा सिलिंडरचं, जवळजवळ दीडपट ताकदीचं. बाकी सीट त्याच, चाकं तीच, रंगही तेच. मोठ्या इंजिनाची लाल गाडी शोरूममध्ये उभीच होती, आज पैसे भरा आणि उद्या न्या. लहान इंजिनाची एक फक्त चालवून बघण्यापुरती होती. हवी असेल तर मागवावी लागणार, चार महिने थांबावं लागणार.

बाईंच्या धाकट्या दिरांना ही बातमी दुपारपर्यंत लागली. भाऊजींचं रंगांचं दुकान होतं, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे. ते विचारायची वेळ कुणावर येत नसे. मोठं इंजिनच घ्यायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. स्पोर्ट्स कार घ्यायची आणि तिच्यात लहान इंजिन घालायचं म्हणजे हत्ती पाळायचा आणि त्याला बकरीचा चारा टाकायचा. शिवाय मीही येतो शोरूमला, म्हणाले. वहिनी, हे विक्रेते लोक फसवतात.

विक्रेता निघाला बाईंचाच विद्यार्थी. परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटलेला. आता पस्तिशीचा झाला होता, गळ्यात टाय होता, पण बाईंना बघताच त्याने स्टीअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात, त्यांनी शिकवलेले तसे, घड्याळातल्या दहा वाजून दहा मिनिटांसारखे वर धरून दाखवले. बाई हसल्या. मग त्याने मोठ्या इंजिनाच्या गाडीचं दार त्यांच्यासाठी उघडलं, चालकाच्या बाजूचं. बाई वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेल्या आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

"मॅडम, चालवून तुम्ही बघायची असते."

"बघते ना. आधी तू चालव. सव्वीस वर्षं मला गाडी याच बाजूने कळते आहे."

भाऊजींना शोरूममध्ये मशीनचा चहा देऊन बसवलं आणि हे दोघं निघाले. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर विक्रेत्याने पाय दाबला, तशी पाठ सीटमध्ये रुतली आणि एक खर्जातला आवाज छातीत भरला. बाईंना ते आवडलं. खोटं कशाला बोलायचं, फारच आवडलं. तिथे सही करायला कागद असता तर केली असती. मग रस्ता पाण्याच्या टाकीपासून टेकडीला लागला, आणि पहिल्याच वळणाला बाईंचा पाय आपोआप पुढे गेला, जिथे ब्रेक नव्हता. दुसऱ्या वळणाला पुन्हा. विक्रेत्याने ते तिरक्या नजरेने पाहिलं. काय चुकलं का मॅडम, असं त्याने विचारलं. त्याचं काहीच चुकत नव्हतं. पण बाईंना कमरेपाशी कळत होतं, स्टीअरिंग वळलं तरी गाडीचं नाक किंचित बाहेर जाऊ बघतंय. पुढे वजन होतं. कामाला तयार पण उठताना "हो, हो, आलोच" म्हणणाऱ्या माणसासारखं.

मग लहान इंजिनाची गाडी. सरळ रस्त्यावर ती काही विशेष वाटली नाही. वेग होता, पण मिळवावा लागत होता. गिअर खाली ठेवून इंजिनाला वर वर ओरडू द्यावं लागत होतं. टेकडीला लागल्यावर मात्र बाई सरसावून बसल्या. स्टीअरिंग वळायचा अवकाश की नाक वळलेलंच. सात वळणं झाली. बाईंचा पाय एकदाही हलला नाही.

मग त्यांनी दोन्ही गाड्या स्वतः चालवल्या. मोठ्या गाडीत त्यांचा पाय अर्ध्यावर जायचा आणि वळण येऊन उभं राहायचं. गाडीत अजून पुष्कळ शिल्लक असायचं, पण ते खर्चायला टेकडीवर जागा नव्हती. लहान गाडीत पाय तळाला टेकला, तिसरा गिअर शेवटपर्यंत वापरला, आणि वर माथ्यावर पोचल्या तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने हसतो आहोत, आणि शेजारी बसलेला विक्रेता पण.

ठरलं होतं तर मग. शोरूमला परत आल्यावर हात धुऊन त्या येत होत्या, तेव्हा काचेच्या पडद्याआडून भाऊजींचा आवाज आला. बाईंना लहान गाडी आवडल्याचं विक्रेत्याकडून कळताच ते त्याला सांगत होते, "लहान इंजिनाचाच कागद काढून ठेव. वहिनींचं सगळं आयुष्य ब्रेकवर पाय ठेवून गेलं. मोठं इंजिन त्यांना आता कुठून झेपणार?"

त्यात कुत्सितपणा नव्हता. उलट माया होती, घरच्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तशी. बाईंना नेमकी तीच झोंबली. दोन क्षण त्या ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि म्हणाल्या, लाल गाडीचे कागद तयार ठेव, उद्या अकराला येते. आपला पहिला सल्लाच मानला म्हणून भाऊजी खूश झाले. वहिनी माझं ऐकतात, असं त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलंही.

संध्याकाळी बाई खाली नवऱ्याच्या खोलीत गेल्या. तो चाकावर एक काच घासत होता. बाईंनी सगळी हकिगत सांगितली, ऐकू आलेलं वाक्य वगळून. आणि मग तेही सांगितलं. नवऱ्याने चाक बंद केलं. जास्त नंबरचा चष्मा दिला की, तो म्हणाला, पहिले दोन दिवस माणसाला सगळं ठळक दिसतं, आणि तिसऱ्या दिवशी तो डोकं धरून येतो.

"चष्म्याचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "त्या गाडीने माझं डोकंबिकं दुखलं नाही. मस्त आहे ती."

"बरं. मग असं सांग. रस्त्यावर तू एकटीच आहेस, बघायला कोणी नाही. कुठली चालवशील?"

"लहान."

"मग अडलंय कुठे?"

"सगळे म्हणतील, घाबरली."

त्याने काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. "म्हणतील," एवढंच तो म्हणाला आणि चाक पुन्हा सुरू केलं.

सकाळी सात वाजता बाईंची नेहमीची शिकवणी होती. एक तरुण बँकवाली, हुशार, महिनाभरात तयार झालेली. मागच्या एका गाडीने हॉर्न वाजवला तशी तिने चिडून वेग वाढवला. बाईंनी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली. हे त्या सव्वीस वर्षं करत आल्या होत्या. कुणी मागच्याला दाखवायला म्हणून पाय दाबला की गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि तेच वाक्य: मागच्याला तू कोण हे माहीत नाही, आणि तुला तो कोण हे माहीत नाही, मग हा वेग कुणासाठी? आजही त्यांनी ते म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबल्या. बँकवाली वाट बघत राहिली. बाई खिडकीबाहेर बघून स्वतःशीच म्हणाल्या, अगं बाई, मी तर कालपासून हेच करते आहे. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "चल, लाव पहिला गिअर. आपल्या वेगाने."

अकराला शोरूममध्ये लाल गाडी धुऊन पुसून दाराशी आणली होती. भाऊजी आधीच हजर, नवा शर्ट घालून. बाईंनी विक्रेत्याला सांगितलं की ही नको, लहान इंजिनाची मागव, चार महिने थांबेन. भाऊजींनी विजयाने त्याच्याकडे पाहिलं. काल बोललो ते खरं झालं की नाही, अशा अर्थाने.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "काल तुम्ही याला जे सांगत होतात ते मी ऐकलं. म्हणूनच मोठी घ्यायला निघाले होते. सकाळी लक्षात आलं, तुमचं तोंड बंद करायला एवढं मोठं इंजिन लागत नाही."

भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी आपलं सहज बोललो, असं काहीतरी ते पुटपुटले. बाईंनी मान हलवली, ठाऊक आहे म्हणाल्या, आणि फॉर्म पुढे ओढला. रंगाच्या रकान्यात काय लिहायचं हे मात्र त्यांनी भाऊजींनाच विचारलं, कारण तो त्यांचा धंदा होता. भाऊजींनी जरा भाव खाऊन गडद हिरवा सांगितला. उन्हात विटत नाही म्हणाले. हिरवी ठरली.

लोक बोललेच. पोहायच्या तलावावर बोलले, परवाना कचेरीच्या रांगेत बोलले. बाई शेवटी बाईच, असंही कुणी म्हणालं. गाडी आली तेव्हा बोलणारे तिच्याभोवती फेरी मारून गेले, आणि नंतर त्यांना दुसरे विषय मिळाले. बाईंची शिकवणी आठवड्यातून चार दिवस चालूच राहिली. उरलेल्या तीन दिवसांतली एक सकाळ त्यांची आणि टेकडीची. नवरा कधी बरोबर यायचा, वर पोचेपर्यंत डोळे मिटून. वारा छान लागतो, म्हणायचा.

गाडी आल्याच्या पुढच्याच महिन्यात एका रविवारी भाऊजी आले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. शेवटी बाईंनीच चावी त्यांच्यापुढे धरली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. भाऊजी चालवायला लागले ते दुकानाच्या टेम्पोसारखे, घाईघाईने गिअर वर टाकत. टाकीपर्यंत आले आणि म्हणाले, हिच्यात ओढ नाही वहिनी. मी म्हणत होतो ना.

"गिअर खाली घ्या. तिसऱ्यात."

"ओरडते की हो ही."

"ओरडू द्या. राहू द्या तिसऱ्यातच. अजून. अजून राहू द्या. वळणाकडे बघू नका, वळणाच्या पलीकडे बघा. आता फिरवा."

गाडी वळली. पुढच्या वळणाला भाऊजींनी बाईंनी सांगायची वाट बघितली नाही. तिसऱ्याला त्यांच्या खांद्यांचा ताठा गेला, आणि पाचव्याला त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाईंनी वळून बघितलं. साठीकडे झुकलेला तो माणूस दात दाखवून हसत होता. केस वाऱ्यावर उभे राहिलेले, आणि दोन्ही हात कसे दहा वाजून दहा मिनिटांवर. बाईंचे पाय सीटखाली एकमेकांवर निवांत टाकलेले होते.

वर पोचल्यावर भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि कठड्यापलीकडच्या शहरावर नजर टाकली. मग म्हणाले, "मोठं इंजिन असतं तर आणखी मजा आली असती."

"आली असती कदाचित," बाई म्हणाल्या.

त्यावर वाद घालायचं भाऊजींच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण समोरून कुणी विरोधच केला नाही तर वाद घालायचा कुणाशी? त्यांनी केस सारखे केले, आणि शक्य तितक्या सहजपणे विचारलं की उतरतानाही मीच चालवू का.

"नाही," बाई म्हणाल्या आणि दार उघडून वळसा घालून आल्या. "सरका पलीकडे. आता माझी पाळी."