अर्जातलं ‘नाही’

अर्ज भरताना मी प्रत्येक रकाना दोनदा वाचला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी लेखी दिलं की नजरचुकीने झालं, ते साफ खोटं होतं. लिपिकाच्या पदाचा सरकारी ऑनलाइन अर्ज होता. ‘आरक्षणाचा लाभ घ्यायचा आहे का?’ या प्रश्नाखाली ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन गोल होते. मी ‘नाही’ निवडलं, चहा प्यायले आणि अर्ज पाठवून दिला.

कारण राग. बुलढाण्याच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी उंद्रीकडची एक मुलगी बसायची. घरची शेती मोठी, स्वभावाने मोकळी. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी हक्काने खायचे. जाहिरात निघाली त्या दिवशी डबा उघडता उघडता ती म्हणाली, “तुमचं बरं हाय बाई. तुमचं कमी मार्कात बी होऊन जाते.” तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ती चटणी पुढे सरकवत बोलली आणि मी ती पोळीला लावून खाल्ली. उत्तर मी दोन दिवसांनी अर्जात दिलं. घ्या, आता बघा माझे मार्क!

घरी, लोणारला, यातलं काही कळवलं नाही. बाबांचं बसस्टँडजवळ शिलाईचं छोटं दुकान आहे. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी ते त्यांनी किती वेळा बंद ठेवलं, ते मी पाहिलं होतं. आमची अडचण आमच्यासारख्या पुष्कळ घरांत असते. आजोबांनी ऐन तारुण्यात बौद्ध धम्म स्वीकारला आणि मुलांना शाळेत घालताना जातीच्या रकान्यात फक्त ‘बौद्ध’ लिहायला लावलं. मास्तर जातीचा जुना शब्द लिहू लागले की आजोबा टेबलासमोर उभे राहून वाद घालायचे म्हणे. माझा राग तिकडूनच आला असावा. घरात तो शब्द कुणी कधी उच्चारला नाही. दाखल्याला मात्र तोच हवा, आणि तोही जुन्या सरकारी कागदावर. म्हणून बाबा मेहकरच्या कचेरीत खेटे घालत राहिले. शेवटी कोतवाल बुकात, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. तिची नक्कल घेऊन आले त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. पुढे दाखला झाला, पडताळणी झाली, आणि सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत घालून त्यांनी माझ्या हातात दिले. ‘नाही’ निवडलं तेव्हा ती फाइल माझ्या बॅगेतच होती.

निकाल लागला. खुल्या यादीतून मी थोडक्यात बाहेर होते. अनुसूचित जातीच्या यादीतल्या शेवटच्या मुलीला माझ्यापेक्षा बरेच कमी मार्क होते. उंद्रीच्या मैत्रिणीचंही झालं नव्हतं. तिचा रडत फोन आला, मी तिची समजूत काढली, आणि फोन ठेवल्यावर स्वतः रडत बसले.

मग मी भरतीच्या कार्यालयात गेले. तिथले वयस्कर बाबू म्हणाले, “दुरुस्तीले मुदत दिली होती ना मॅडम? तवा काऊन नाही बदललं?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आरक्षण भरूनही मार्क पुरे असते, तं खुल्यातूनच लागल्या असत्या तुम्ही. तुमचं काय जात होतं?” हा नियम मला पाठ होता, अभ्यासिकेत मीच तो इतरांना समजावून सांगायचे. रागात विसरले म्हणावं, तर तेही खोटं. मला ते ‘नाही’ कुणाला तरी दाखवायचं होतं. तो अर्ज कुणी माणूस वाचणारच नव्हता, हे काही डोक्यात आलं नाही.

बाबूंनी कोरा कागद पुढे केला. “नजरचुकीने झालं, असं लिवा. सगळे तेच लिवतात. होणार काही नाही, पण देऊन ठेवा.” मी प्रवर्ग बदलण्याची विनंती लिहिली, खाली सही केली. काही आठवड्यांनी उत्तर आलं. माझं ‘नजरचुकीने’ त्यात जसंच्या तसं होतं, आणि त्याखाली एक ओळ: अर्जातील दावा अंतिम आहे, बदल करता येणार नाही. अर्जात पत्ता मी सवयीने दुकानाचाच दिला होता, त्यामुळे ते आधी बाबांनी वाचलं.

मी लोणारला पोचले तेव्हा पत्र कात्रीखाली दाबून ठेवलेलं होतं. बाबा सदऱ्याला काज करत बसले होते.

“नजरचूक होती?”

“नाही.”

“मंग?”

मी सगळं सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला. “मले कोणाचे उपकार नव्हते पाहिजे, बाबा! तुम्हीच तं सांगता, आजोबा कोणासमोर वाकले नाहीत.”

त्यांनी सुई बाजूला ठेवली. आता ओरडतील, असं मला वाटलं. पण नोकरीचा त्यांनी विषयही काढला नाही.

“म्या आणलेल्या कागदाची तुले लाज वाटली काय, माय?”

“नाही, बाबा!” मी लगेच म्हणाले. आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं, की हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. अभिमान म्हणून मी जे मिरवत होते, त्यात लाज किती होती, ते आजही मला नीट सांगता येत नाही. पण होती.

त्यांनी फाइल मागितली, नक्कल काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती अनेकदा हाताळली होती, पण वाचली कधीच नव्हती. पणजोबांचं नाव, गाव, जात. बाळाच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगा’.

“माह्या बापाचं नाव नाही तिथं. जात हाय,” बाबा म्हणाले. “त्यानं जलमभर जे पुसलं, ते म्या जाऊन हुडकलं. तुह्यासाठी. मले काय सोपं गेलं?”

ते त्या दिवशी का जेवले नव्हते, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी सदरा पुन्हा हातात घेतला.

पुढची जाहिरात आली तेव्हा मी अर्ज दुकानातच भरला. आरक्षणाच्या प्रश्नाला ‘होय’. जातीच्या यादीतून तो शब्द निवडताना माझं बोट जरा थांबलं, आणि मग मी तो निवडला. फाइलीतले कागद काढताना नकलेला टाचलेली वंशावळ हाती आली. पडताळणीसाठी बाबांनी ती स्वतः लिहिली होती. नोंदवहीत जिथे नुसतं ‘मुलगा’ होतं, तिथे या वंशावळीत त्यांनी आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं होतं, बाकीच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरात.

“पाठवू?” मी विचारलं.

“थांब,” बाबा म्हणाले, आणि चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.