संपतरावांचा सांडवा

संपतरावांनी एकतीस वर्षं खडकवासल्याच्या कालव्यावर पाटकऱ्याची नोकरी केली. कुणाच्या वावरात पाणी केव्हा सोडायचं आणि केव्हा तोडायचं, हे त्यांच्या हातात असे. पुढे वावरंच गेली. तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत मुलगा पृथ्वीराज नोकरीला लागला आणि नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये माशांची सहा फुटी टाकी आली.

टाकीतलं जादा पाणी खालच्या गाळणीच्या टाकीत उतरवायचं कसं, यावर पृथ्वीराजने महिनाभर लॅपटॉपवर डोकं शिणवलं. काचेला भोक पाडायचं, की काठावरून उलटी नळी टाकून सायफनने पाणी ओढायचं?

"भोकच पाड," संपतराव म्हणाले. "सांडवा भिंतीतच पायजे. वीज गेली की नळीत हवा शिरंल. वीज आली की पंप पाणी वर फेकणार, अन् खाली उतरायला वाटच नाय!"

"आबा, हा कॅनॉल नाहीये. मी रिव्ह्यूज वाचलेत. एवढी महागाची काच ड्रिल करायची म्हणजे रिस्क आहे."

ज्यांच्या एका शब्दावर बड्या बागायतदारांचं पाणी अडायचं, त्यांना स्वतःच्या घरात वीतभर नळीबद्दल बोलायची सोय राहिली नाही. संपतरावांना ते फार लागलं.

सायफन बसला. पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे रिव्ह्यू लिहिणाऱ्या अमेरिकनांना कोण सांगणार?

पहिल्याच गुरुवारी पृथ्वीराज ऑफिसात असताना वीज गेली. संपतरावांनी पंपाचं बटण बंद केलं. वीज आल्यावर नळी तोंडाने ओढून पाणी चालू केलं, तोंडभर माशांचं पाणी थुंकलं आणि मग पंप लावला. पुढच्या गुरुवारीही तेच. हळूहळू गुरुवारची लग्नं सुटली, दत्ताचं दर्शन संध्याकाळवर गेलं.

दोन वर्षांनी पृथ्वीराजचा मित्र तेजस टाकी बघायला आला.

"एक थेंब सांडला नाही, बॉस," पृथ्वीराज त्याला म्हणाला. "आबा तर म्हणत होते, पूर येईल!" दोघं खो खो हसले. संपतराव चहा पीत राहिले.

"अवो, या गुरुवारी बटणाला हात लावू नका," मथुराबाई स्वयंपाकघरात नवऱ्यावर उखडल्या. "येऊ द्या पूर. पोराला कळू द्या."

संपतरावांना पटलं. गुरुवारी ते हाताची घडी घालून टाकीसमोर बसले. दोनला वीज आली, पंप घुमला, पाणी काठाला लागलं. मथुराबाईंनी पदर खोचला. एकतीस वर्षांत संपतरावांच्या पाळीत कालवा कधी फुटला नव्हता. पहिला थेंब ओघळायच्या आत बटण बंद झालं होतं.

"काय वो हे!"

"हात गेला," म्हणत त्यांनी नळी तोंडात धरली.

संध्याकाळी पृथ्वीराज खुशीत घरी आला. "आबा, तेजसनेही आपल्यासारखाच सायफन ऑर्डर केला."

"ऱ्हायला कुठं हाय तो?"

"कर्वेनगरला. का?"

"तिकडं गुरुवारी वीज किती वाजता जाती?"

"काय माहीत. तो आणि त्याची बायको, दोघंही दिवसभर ऑफिसला असतात."

संपतरावांनी एक सुस्कारा सोडला.

"मग त्याच्या घराची एक किल्ली माझ्याकडं आणून ठेव," ते म्हणाले.