आप्पांच्या गाडीची टायमिंग चेन

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. एकाच माणसाला सांगून पाहिलं — त्याचं पुढे येईलच. ऐकणारा म्हणेल, एका जुन्या मोटारसायकलचं इंजिन बिघडलं, एवढंच ना? पण ते तेवढंच असतं, तर मी आज तुमच्याशी बोलत बसले असते का?

आप्पा, म्हणजे माझे वडील, ओझरच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, मग आई गेली, तरी तिथल्या घरात एकटेच राहायचे. सोबतीला त्यांची जुनी फोर-स्ट्रोक गाडी — माझ्या जन्माआधी घेतलेली. तिच्या कुठल्याही कामाला त्यांनी कधी मिस्त्री बोलावला नाही. मी नाशिकला. नोकरी, घर सांभाळून दर रविवारी ओझरला जायचे. खरं सांगू? कंटाळले होते. तुम्ही आमच्याकडे या म्हणून त्यांच्या मागे लागले होते. ते हसून विषय बदलायचे.

त्या रविवारी गेले तर अंगणात गाडी खोललेली. टायमिंग चेन झिजून सैल झाली होती, इंजिनातून खडखड यायची. आप्पा नवी बसवत होते. ही चेन चढवताना खालची आणि वरची अशा दोन खुणा बरोबर जुळाव्या लागतात, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. मला हे लहानपणापासून माहीत — त्यांनीच शिकवलेलं. वरची खूण ते बघत होते. खालची, एका बारीक खिडकीतून दिसणारी, मोतीबिंदूमुळे त्यांना दिसेना. म्हणून मला बसवलं. चाकावरचं 'टी' अक्षर रेघेवर आलं की पान्याने ते तसंच धरून ठेव, म्हणाले.

धरलं होतं मी. मग फोन वाजला — ऑफिसचा मेसेज, फालतू. हात ढिला पडला असणार. पुन्हा खिडकीत पाहिलं तेव्हा अक्षर रेघेवरून सरकलेलं होतं, आणि आप्पा वरचे बोल्ट आवळत होते.

"जुळलीय ना गं खूण?"

नाही म्हटलं असतं तर सगळं पुन्हा खोलावं लागलं असतं. ऊन चढलं होतं, घरी पाहुणे यायचे होते. थोडंसंच तर सरकलंय — असं मी तेव्हा खरंच मनात म्हटलं, की नंतर स्वतःसाठी रचलं? आठवत नाही. "हो" म्हणाले, हे मात्र आठवतं.

गाडी सुरू झाली. आवाजाला कान देऊन आप्पा थोडे घुटमळले. मग म्हणाले, नवी आहे, बसेल हळूहळू. मी निघून आले. संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन — आप्पा पिंपळगावच्या रस्त्याने गाडी ढकलत आले, घामाने निथळत. कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. इंजिन पुन्हा खोललेलं; व्हॉल्व्ह वाकलेला, पिस्टनला चीर. आप्पा पायरीवर बसले होते.

"मीच चुकवली खूण," म्हणाले. "डोळे तर गेलेच होते, आता हातही गेले."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही — आणि काय बोलले? "म्हणूनच म्हणते, आप्पा, आता एकटं राहू नका." नुसती गप्प बसले असते तर भित्री ठरले असते. मी तर त्यांच्या त्या पडेल चेहऱ्याचा उपयोग करून घेतला. याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

थोड्याच दिवसांत ते आमच्या फ्लॅटवर राहायला आले. हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. गाडी देवळाली कॅम्पचा एक हौशी माणूस टेम्पोत घालून घेऊन गेला. आप्पा ती बघायला खालीही उतरले नाहीत. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता स्वच्छ दिसतं. तरी गॅस स्वतः बंद करून मला बघायला पाठवतात. औषधाची गोळी तळहातावर धरून विचारतात — हीच ना?

शेवटी एका दुपारी सगळं सांगितलं. खिडकी, फोन, सरकलेलं अक्षर, सगळं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग हसले.

"माझं मन राखायला बोलतेस. कळतं मला."

मी शपथ घेतली, रडले. त्यांनी माझ्याच डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुला दिसलं असतं तर तू बोलली नसतीस होय? उगाच स्वतःवर घेऊ नकोस." माझ्यावरचा त्यांचा विश्वास शाबूत होता. स्वतःवरचा तेवढा उरला नव्हता.

परवा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी निखळली. दोन स्क्रू आवळायचे, बाकी काही नाही. मिस्त्री आला. आप्पा खुर्चीवरून उठले, खुर्ची बाजूला ओढून त्याला जागा करून दिली, आणि तो काम करत होता तोवर हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभे राहिले.

मी तिथेच होते.