पार्किंगमध्ये उतरलेला पांढरा सोफा

काका मला आवडत नव्हते.
मेले म्हणून आवडायला लागले, असंही नाही.

आज त्यांचा दहावा झाला. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला फोटो. "देवमाणूस." बास करा राव. देवमाणूस होते तर खाली का नाही आलात कोणी?

रावेतला त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसचं फर्निचर आमच्या वर्कशॉपचं. फिटिंगला मी. कमिटीतर्फे लक्ष ठेवायला काका. नात्यातले नाहीत, सगळेच त्यांना काका म्हणायचे.

त्यांची लेक चहा घेऊन खाली आली आणि माझा ड्रिल भलतीकडेच गेला. काकांनी ते पाहिलं.

"शिक्षण किती?"
"डिप्लोमा. मध्येच सोडला."
"म्हणजे कॉलेज अर्धं आणि नजर पूर्ण. सोफा उचल!"

सोफा पांढरा. काकांनीच निवडलेला. लेबर लोकांनी टेकायचं पण नाही. प्लास्टिक काढायला गेलो तर ओरडले, "राहू दे! लोकांच्या कपड्यांचे डाग लागतात."

उद्घाटन झालं, वाढदिवस झाले, हळदीकुंकू झालं. प्लास्टिक तसंच. बसलं की चरचर.

मग बी विंगच्या एक आजी गेल्या. घरच्यांनी लोकांना बसायला क्लबहाउस मागितलं. काका म्हणाले, "सुतकाला नाही. फक्त शुभ कार्याला." नियमच करून टाकला. ती माणसं पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसली. मी तेव्हा कॅरमचं टेबल बसवत होतो. माझं डोकं सटकलं होतं, पण कामावर होतो. स्क्रू आवळत राहिलो.

आणि मग काकाच गेले. चाकणहून शिफ्ट करून आले, जेवले, छातीत कळ आली. संपलं.

दुसऱ्या दिवशी लातूरकडून गाडी भरून माणसं आली. फ्लॅटमध्ये बायकांनाच जागा पुरेना. पुरुष सगळे पार्किंगमध्ये, उभे.

काकांचे वडील पण उभे. म्हातारा माणूस, रात्रभरचा प्रवास. पोरगा गेलेला. एका गाडीला जरा टेकले, तर गाडी ठणाणा बोंबलायला लागली. वरून गॅलरीतून कोणीतरी, "ओ, गाडीपासून लांब!"

मी सेक्रेटरीकडे गेलो. "क्लबहाउस उघडा."

"नियम आहे. त्यांनीच केलेला. आपणच मोडला तर त्यांचा अपमान होईल ना?"

वा रे वा! ग्रुपवर हात जोडायचे आणि इथे हा मान.

माझा हात त्याच्या कॉलरपर्यंत गेला होता. जिन्यातून काकांच्या लेकीचा आवाज आला. रडून बसलेला.

"भांडू नकोस रे. आजोबांना बसायला काहीतरी आण."

बस. एवढंच.

क्लबहाउसमध्ये माणसं नेता येत नाहीत. सोफा बाहेर आणायचा नाही, असा नियम काकांनी केलेला नव्हता.

वॉचमन भाऊंनी चावी टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला गेले. सोफ्याचे तीन तुकडे. क्लिपा मीच लावलेल्या, मीच काढल्या. तिच्या चुलतभावाने एक बाजू धरली. गाड्यांच्या मधोमध सोफा मांडला आणि सगळ्यांसमोर टराटरा प्लास्टिक फाडलं.

सेक्रेटरी ओरडत होता. ओरडू दे.

आजोबा बसले. धुळीचे पाय वर घेऊन मांडी घातली. सोफ्यावरून हात फिरवला.

"माझ्या लेकरानं निवडलाय का?"
"हो आजोबा."
"मऊ हाय."

आणि मग रडले. तोपर्यंत रडले नव्हते.

सोफा परत जागेवर ठेवलाय. त्याच्यावर पायाचा डाग आहे. कमिटी म्हणते साफ करून दे. नाही देणार. काय करायचं ते करा.

काका, तुमचं माझं पटलं नाही ते नाहीच. पण नोकरी पक्की झाली की तुमच्या दारात येऊन तुमच्याशीच भांडणार होतो, तिच्यासाठी. तयारी करून ठेवली होती.

आता कोणाशी भांडू?

जा नीट. आजोबांना मी गाडीत बसवून दिलंय.