कालव्याकाठी मिळालेली राइड

मंडळी, दुपारपासून मला चैन नाही, म्हणून कॉम्प्युटर लॅबमध्ये येऊन आपल्या बुलेटिन बोर्डवर टाइप करतेय.

पुढच्या महिन्यात मी फ्रान्समध्ये कालव्याकाठच्या वाटेने एकटी सायकलवर फिरणार आहे. गाड्या नाहीत, कोणी नाही. प्रॅक्टिस म्हणून आज इथल्या पिस्कॅटवे गावाजवळच्या कालव्याकाठी वीस मैल चालवायचे ठरवले होते.

तिसऱ्याच मैलाला पूल आला. तिथून जाणाऱ्या, आपल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी स्टेशन वॅगन थांबवली.

"अगं, सायकलवर कशी? कार बंद पडली का? चल, राइड देतो."

"नाही काका, मजेत चालवतेय."

"लाजतेस काय!" म्हणत त्यांनी सायकल मागे चढवलीसुद्धा. आणि मी गुपचूप गाडीत बसले!

फ्रान्समध्ये काका नसतील हो. पण ठामपणे नाही म्हणता न येणारी मी असेनच ना?